आजचो भाव काल कसो ठरतलो? फंक्शनचे आर्ग्युमेंट आधीच बांधून ठेवताना

मागच्या एप्रिलमध्ये देवगडला काकांच्या पडवीत बसून मी त्यांच्या आंब्याच्या बिलांसाठी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी काका हातात छापलेला कागद घेऊन आले. "झिला, ह्या काय? ह्या बिल माझ्या गिऱ्हायकाचा नाय."

कोल्हापूरच्या एका बाईंनी दोन पेट्या मागवल्या होत्या आणि बिलात सात पेट्या दिसत होत्या. वरच्या पाच त्यांच्या आधी बिल झालेल्या पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या. चूक एका ओळीची होती, आणि ती माझीच होती. एका फंक्शनच्या आर्ग्युमेंटला मी डिफॉल्ट, म्हणजे काही दिलंच नाही तर वापरायची किंमत, म्हणून रिकामी यादी दिली होती. पुढच्या महिनाभरात डिफॉल्ट आणि आधीच बांधलेले आर्ग्युमेंट या एकाच विषयाने मला आणखी काही वेळा गाठलं. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. फंक्शन लिहिता येतं, पण डिफॉल्टच्या पुढे फारसा विचार केलेला नाही, अशा वाचकाला समोर ठेवून.

कोड वाचताना एक सोय लक्षात घ्या. मी तो सगळा देवनागरीत लिहिलाय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं देवनागरीत खरोखर चालतात, त्यामुळे 'बिल', 'पेट्या', 'भाडं' ही नावं आहेत तशी टाइप करा. डेफ, रिटर्न, इफ, इज, नन, फॉर, इन, लॅम्डा, फ्रॉम, इम्पोर्ट हे भाषेचे शब्द, पार्शल, अपेंड अशी तयार नावं आणि कोडमधले आकडे मात्र इंग्रजीत टाइप करावे लागतात. 'गिऱ्हाईक' हे नाव देताना जरा जपून. काही कीबोर्ड त्यातला ऱ्ह लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घुसवतात, आणि पायथन त्या अदृश्य चिन्हावर अडून बसतो. अर्धा तास डोळे फाडून बघितलं तरी चूक दिसत नाही. नुक्तावाला ऱ घेऊन हलन्त दिला की काम होतं.

दर आणि भाडी उदाहरणापुरती आहेत. त्यावरून कुणी काकांशी घासाघीस करू नये.

आधी साधं फंक्शन

```
डेफ बिल(पेट्या, दर, भाडं, हमाली):
    रिटर्न पेट्या * (दर + भाडं + हमाली)

बिल(१०, २५००, १५०, २०)     # २६७००
```

दहा पेट्या, पेटीला अडीच हजार, पुण्यापर्यंतचं भाडं पेटीमागे दीडशे, हमाली वीस. फंक्शन बरोबर आहे, पण दिवसाला चाळीस बिलं केली की दीडशे आणि वीस चाळीसदा लिहावे लागतात. हमाली तर सीझनभर बदलत नाही. मग डिफॉल्ट आलंच:

```
डेफ बिल(पेट्या, दर, भाडं=१५०, हमाली=२०):
    रिटर्न पेट्या * (दर + भाडं + हमाली)

बिल(१०, २५००)              # २६७००
बिल(१०, २५००, भाडं=०)      # २५२००, गाडी गिऱ्हाइकाचीच
```

नियम एकच: डिफॉल्ट असलेले पॅरामीटर (डेफच्या ओळीतल्या कंसातली नावं) डिफॉल्ट नसलेल्यांच्या मागे उभे राहतात. मध्येच बिनडिफॉल्टचा आला तर पायथन फाइल चालवायलाच नकार देतो. ते बरोबरही आहे, कारण 'बिल(१०, २५००)' मधला दुसरा आकडा नेमका कुणाचा, हे त्याला कळायला हवं.

डिफॉल्ट कशाला द्यावं, कशाला देऊ नये

इथे जरा थांबतो, कारण वाक्यरचना पाच मिनिटांत येते आणि चुका इथेच होतात.

'दर' या पॅरामीटरला मी डिफॉल्ट दिलेलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. हापूसचा भाव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक असतो, अक्षय्य तृतीयेला दुसरा, आणि मे उजाडल्यावर माल वाढला की तिसराच. चार डझनी पेटीत फळ मोठं, सहा डझनी पेटीत लहान, त्यांचे दर आणखी वेगळे. अशा गोष्टीला डिफॉल्ट दिलं की ज्या दिवशी दर टाकायचा विसरेल, त्या दिवशी प्रोग्रॅम बोंब मारत नाही. शांतपणे जुन्या भावाने बिल काढून मोकळा होतो. डिफॉल्ट नसतं तर त्याच क्षणी एरर आला असता आणि विसरणारा जागा झाला असता. मी स्वतःला विचारतो तो प्रश्न असा: हे द्यायचं विसरलं तर नुकसान होईल का, आणि ते झालेलं कुणाच्या लक्षात येईल का? नुकसान होईल पण लक्षात येणार नाही असं उत्तर आलं, तर त्या पॅरामीटरला डिफॉल्ट द्यायचं नाही.

दुसरी जागा याहून नाजूक आहे. पावतीवर आंब्याची जात छापायची होती, तर मी उत्साहाने जात='देवगड हापूस' असं डिफॉल्ट ठेवलं. काकांकडे पायरीचीही पाच-सहा झाडं आहेत. एका गिऱ्हाइकाला पायरी गेली आणि कागदावर देवगड हापूस. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो म्हणून आम्ही वर्षभर ओरडत असतो, आणि इथे घरचीच स्क्रिप्ट न विचारता शिक्का मारत होती. जे कागदावर दावा म्हणून छापलं जातं, ते डिफॉल्टमधून येता कामा नये. ते माणसाने दरवेळी सांगितलं पाहिजे.

भाडं आणि हमाली यांना डिफॉल्ट चालतं. चुकलं तरी रक्कम थोडी, आणि बहुतेक वेळा तेच उत्तर बरोबर असतं.

नाव घेऊन बोलवा

एकदा हमाली वीसच्या ऐवजी तीस लागली. घाईत मी लिहिलं:

```
बिल(१०, २५००, ३०)          # २५५००
```

हवे होते २६८००. तिसरी जागा भाड्याची, म्हणून तीस रुपये भाड्यात जाऊन बसले आणि हमाली वीसच राहिली. तेराशे रुपये गेले, आणि एररही नाही. जागेवरून ओळखले जाणारे चार-चार आकडे असले की हे होणारच. उपाय एका तारांकनाचा:

```
डेफ बिल(पेट्या, दर, *, भाडं=१५०, हमाली=२०):
    रिटर्न पेट्या * (दर + भाडं + हमाली)
```

ताऱ्यानंतरचे पॅरामीटर आता नाव घेतल्याशिवाय स्वीकारले जात नाहीत. 'बिल(१०, २५००, ३०)' लिहिलं तर पायथन म्हणतो, मला जागेवरचे दोनच कळतात, तू तीन दिलेस. पायथन ३ पासून ही सोय आहे आणि डिफॉल्ट असलेल्या प्रत्येक पॅरामीटरला ती लावावी असं माझं ठाम मत झालंय. उलट दिशेची सोयही आहे. तिरक्या रेघेच्या आधीचे पॅरामीटर फक्त जागेवरूनच देता येतात, हे २०१९ साली आलेल्या ३.८ पासून. लायब्ररी लिहिणाऱ्यांना ती कामाची आहे, पेट्या मोजणाऱ्यांना क्वचित.

इथून पुढे 'बिल' म्हणजे हे ताऱ्यावालं फंक्शन.

डिफॉल्टची किंमत कधी ठरते?

आता त्या सात पेट्यांकडे येऊ. कोड असा होता:

```
डेफ पावतीत_टाक(ओळ, पावती=[]):
    पावती.अपेंड(ओळ)
    रिटर्न पावती

पुणे = पावतीत_टाक('हापूस, ५ पेट्या')
कोल्हापूर = पावतीत_टाक('हापूस, २ पेट्या')
```

'कोल्हापूर' मध्ये दोन ओळी येतात. 'पुणे' पुन्हा उघडून बघाल तर त्यातही दोनच ओळी, कारण दोन्ही नावं एकाच यादीकडे बोट दाखवतायत.

डेफची ओळ ही नुसती घोषणा नसते. प्रोग्रॅम वरून खाली चालत येतो तेव्हा ती ओळ प्रत्यक्ष चालते, फंक्शन नावाची वस्तू तयार होते, आणि बरोबरीच्या चिन्हापुढे जे लिहिलंय ते त्याच वेळी, एकदाच मोजून त्या वस्तूजवळ ठेवलं जातं. पुढे हजार वेळा फंक्शन बोलावलं तरी तीच ठेवलेली किंमत बाहेर येते. १५० आणि २० सारख्या आकड्यांना याने काही फरक पडत नाही, आकडा कुणी आतून बदलू शकत नाही. यादी मात्र पाटीसारखी असते. एकाने त्यात आंबे टाकले की पुढच्याला ती भरलेली मिळते. रिकामी पाटी दरवेळी नवी मिळेल असं मी धरून चाललो होतो. मिळत होती ती एकच पाटी.

मग पहिले दोन दिवस हे का दिसलं नाही? कारण तेव्हा मी प्रत्येक बिलासाठी स्क्रिप्ट नव्याने चालवत होतो. दरवेळी डेफ नव्याने चालायचं, पाटी नवी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती सतत चालू राहणारी केली आणि दुपारी काका कागद घेऊन आले. चाचणीत न सापडणारी आणि चालू प्रोग्रॅममध्येच उगवणारी चूक दिसली, तर आधी डिफॉल्ट तपासा.

दुरुस्ती नेहमीची आहे (नन म्हणजे पायथनमधलं 'काहीच नाही'):

```
डेफ पावतीत_टाक(ओळ, पावती=नन):
    इफ पावती इज नन:
        पावती = []
    पावती.अपेंड(ओळ)
    रिटर्न पावती
```

आता रिकामी यादी फंक्शनच्या पोटात, म्हणजे प्रत्येक बोलावण्याच्या वेळी बनते.

तारखेचं दुखणं याच जातीचं, फक्त ते यादीसारखं डोळ्यांत भरत नाही:

```
फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट

डेफ पावती_काढ(नाव, रक्कम, तारीख=डेट.टुडे()):
    ...
```

वाचताना वाटतं, तारीख दिली नाही तर आजची. पण हा 'आज' म्हणजे डेफ चालली तो दिवस. सीझनमध्ये लॅपटॉप बंद करायला फुरसत नसते, इन्व्हर्टरवर तो दिवसरात्र चालू. पाच दिवस सगळ्या पावत्यांवर एकच तारीख छापली गेली. मी काकांना समजावून सांगायला गेलो की तारीख स्क्रिप्ट चालू झाली त्या दिवशीच ठरून बसली होती. ते म्हणाले, "आजचो भाव काल कसो ठरतलो?"

डिफॉल्टबद्दल याहून नेमका प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. तेव्हापासून बरोबरीच्या चिन्हापुढे कंस दिसला, म्हणजे कुठलं तरी फंक्शन बोलावलेलं दिसलं, की मी तिथे थांबतो. उपाय तोच: तारीख=नन, आणि आत 'इफ तारीख इज नन' असेल तर आजची तारीख घ्या.

नन तपासताना आळस नको

दोन ओळी वाचवायला पुष्कळ जण असं लिहितात:

```
भाडं = भाडं ऑर १५०
```

म्हणजे भाडं दिलं असेल तर ते, नाहीतर दीडशे. मीही लिहिलं. पण पायथनच्या लेखी शून्य, रिकामी यादी आणि रिकामा मजकूर ही सगळी 'नाही'च्याच रांगेत बसतात. स्वतःची गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासाठी भाडं=० दिलं, तर हा कोड शून्याला 'काही दिलंच नाही' समजून दीडशे लावतो. देवगडला येऊन पेट्या उचलणाऱ्याकडून पुण्याचं भाडं. 'इज नन' हे दोन शब्द लिहायचा आळस करू नका.

कधीकधी नन हीच एक खरी किंमत असते. उदाहरणार्थ सूट=नन म्हणजे 'या गिऱ्हाइकाला सूट नाही', आणि सूट दिलीच नाही तर 'नेहमीची सूट'. अशा वेळी स्वतःची खूण बनवा:

```
न_दिलेलं = ऑब्जेक्ट()

डेफ सवलत(रक्कम, सूट=न_दिलेलं):
    इफ सूट इज न_दिलेलं:
        सूट = नेहमीची_सूट
    ...
```

ऑब्जेक्टची ही वस्तू जगात एकच असते, म्हणून 'इज' ने केलेली तुलना कधी फसत नाही. पण ही गरज वर्षातून एखादवेळी पडते. रोज पडत असेल तर फंक्शनचीच घडण तपासा.

दुसऱ्याच्या फंक्शनला बांधणं: पार्शल

आतापर्यंत डिफॉल्ट देणारा होता फंक्शन लिहिणारा. पण 'बिल' एकाच फाइलमध्ये आहे आणि ते काकांबरोबर माझा चुलतभाऊही वापरतो. तो फक्त कोल्हापूरला माल पाठवतो, त्याचं भाडं नव्वद. त्याच्यासाठी मी मूळ डिफॉल्ट बदललं तर काकांची पुण्याची बिलं बिघडतील. इथे बोलावणाऱ्याने स्वतःपुरतं आर्ग्युमेंट बांधायचं असतं:

```
फ्रॉम फंक्शनटूल्स इम्पोर्ट पार्शल

कोल्हापूर_बिल = पार्शल(बिल, भाडं=९०)

कोल्हापूर_बिल(१०, २५००)     # २६१००
```

पार्शल हे पायथनमध्ये २००६ पासून, म्हणजे २.५ या आवृत्तीपासून आहे. ते 'बिल' चालवत नाही. बिल, आणि सोबत 'भाडं नव्वद' ही चिठ्ठी, अशी गाठ मारून ठेवतं. पुढे ती गाठ फंक्शनसारखी बोलावली की चिठ्ठीतलं आणि तुम्ही दिलेलं एकत्र करून मूळ 'बिल' चालतं.

तीन गोष्टी प्रत्यक्ष वापरताना कळतात.

जागेवरचे आर्ग्युमेंट डावीकडून बांधले जातात. पार्शल(बिल, १०) म्हणजे दहा पेट्या पक्क्या, दर नंतर. मला हवं होतं उलटं, दर पक्का आणि पेट्या नंतर. मग नाव घ्यायचं: पार्शल(बिल, दर=२५००). ते एका आकड्याने बोलावलं तर छान चालतं. पण सवयीने दोन आकडे दिले की पायथन तक्रार करतो, 'दर' ला दोन किमती आल्या म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३.१४ मध्ये यासाठी प्लेसहोल्डर मिळालाय. पार्शल(बिल, प्लेसहोल्डर, २५००) लिहिलं की पहिली जागा मोकळी राहते, जशी एसटीत रुमाल टाकून धरून ठेवावी तशी.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नाव घेऊन बांधलेलं आर्ग्युमेंट म्हणजे कुलूप नव्हे. 'कोल्हापूर_बिल(१०, २५००, भाडं=०)' बिनतक्रार चालतं, आणि नंतर दिलेलं शून्यच जिंकतं. बहुतेक वेळा हीच लवचीकता हवी असते. पण कुणी बदलूच नये असं असेल, तर पार्शल सोडा आणि सरळ दोन ओळींचं फंक्शन लिहा, ज्यात भाडं हा पॅरामीटरच नाही.

तिसरी, पार्शलच्या गाठीला स्वतःचं नाव नसतं. फंक्शनचं नाव छापणारा लॉग तुमच्याकडे असेल तर तो तिथे अडखळेल. फंक्शनटूल्समधलं अपडेट रॅपर चालवलं की मूळचं नाव आणि माहिती गाठीला चिकटते.

ठरलेला सौदा आणि चालू भाव

काकांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. या दोन ओळी दिसायला जुळ्या आहेत:

```
आजचा_दर = २५००

ठरलेलं = पार्शल(बिल, दर=आजचा_दर)
चालू = लॅम्डा पेट्या: बिल(पेट्या, आजचा_दर)

आजचा_दर = २३००              # दुपारी भाव उतरला

ठरलेलं(४)                   # १०६८०
चालू(४)                     # ९८८०
```

पार्शलने दर त्याच वेळी उचलून आत ठेवला. सकाळचा अडीच हजार आता हलत नाही. लॅम्डाने, म्हणजे एका ओळीत लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनने, दराचा आकडा घेतलेला नाही, 'आजचा_दर' हे नाव लक्षात ठेवलंय, आणि बोलावल्यावर ते नाव उघडून बघतो. दुपारी तिथे तेवीसशे आहेत.

यातलं कुठलंच चूक नाही. सकाळी फोनवर 'अडीच हजाराने चार पेट्या ठेवा' म्हणून शब्द दिलेल्या गिऱ्हाइकासाठी पहिलं हवं. पडवीत येऊन उभा राहिलेल्यासाठी दुसरं. बोंब तेव्हा होते, जेव्हा मनात एक असतं आणि हातून दुसरं लिहिलं जातं. म्हणून कुठलंही आर्ग्युमेंट बांधताना विचारायचं, ते कुठल्या क्षणी बांधलं जातंय? डेफ चालताना, गाठ मारताना, की बोलावताना?

हा प्रश्न न विचारल्याने माझी आणखी एक चूक झाली. स्क्रीनवर प्रत्येक गावासाठी एक बटण हवं होतं:

```
भाडी = {'कोल्हापूर': ९०, 'पुणे': १५०, 'वाशी': १८०}
बटणं = {}

फॉर गाव, भाडं इन भाडी.आयटम्स():
    बटणं[गाव] = लॅम्डा पेट्या, दर: बिल(पेट्या, दर, भाडं=भाडं)
```

तिन्ही बटणं वाशीचं भाडं लावतात. लूप फिरताना तीन लॅम्डा बनले, पण तिघांनीही लक्षात ठेवलं ते 'भाडं' हे एकच नाव. लूप संपला तेव्हा त्या नावात १८० उरले होते. बटण दाबल्यावर ते उघडून बघितलं, तर कोल्हापूर असो की पुणे, १८०. वाशीच्या बटणावरच चाचणी घेतली असती तर सगळं बरोबर दिसलं असतं, ही त्यातली गंमत.

दुरुस्ती दोन प्रकारे होते:

```
बटणं[गाव] = पार्शल(बिल, भाडं=भाडं)

बटणं[गाव] = लॅम्डा पेट्या, दर, भाडं=भाडं: बिल(पेट्या, दर, भाडं=भाडं)
```

दुसरीकडे नीट बघा. तारखेच्या वेळी ज्या गुणाने दगा दिला, तोच इथे कामाला लावलाय. लॅम्डाचं डिफॉल्टही लॅम्डा बनतानाच मोजलं जातं, म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत त्या त्या वेळचं भाडं आत अडकतं. जुन्या कोडमध्ये ही युक्ती फार दिसते. मी पार्शल वापरतो, कारण 'भाडं=भाडं=भाडं' असली वाक्यं सहा महिन्यांनी माझी मलाच वाचता येत नाहीत.

या चुका डोळ्यांनी शोधायची गरज नाही. रफ हे तपासणीचं साधन बसवा आणि त्यातला 'बी' गट चालू करा. बी००६ डिफॉल्टमधली यादी पकडतं, बी००८ डिफॉल्टमध्ये बोलावलेलं फंक्शन, आणि बी०२३ लूपमधलं अडकलेलं नाव. माझ्या यादी, तारीख आणि बटणांच्या तिन्ही चुका एका सेकंदात सापडल्या असत्या. पायरीवरचा देवगडचा शिक्का मात्र कुठलंही साधन पकडणार नाही.

दुसऱ्या भाषेतून येणाऱ्यांसाठी

जावास्क्रिप्टमधून आला असाल तर यादीचा घोळ तुम्हाला नवा वाटेल, कारण तिथे २०१५ पासून आलेली डिफॉल्ट प्रत्येक बोलावण्याला नव्याने मोजली जातात. तिथली गोम वेगळी: अनडिफाइन्ड दिलं तर डिफॉल्ट लागतं, नल दिलं तर लागत नाही. पार्शलचं काम तिथे फंक्शनचं बाइंड करतं.

सी शार्पमध्ये डिफॉल्ट बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये कंपाइल होताना चिकटवलं जातं. लायब्ररीवाल्याने नव्या आवृत्तीत वीसचे तीस केले, तरी तुमचा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल होईपर्यंत वीसच लावत राहतो. म्हणजे 'कधी ठरते' ला इथे चौथंच उत्तर. जावामध्ये डिफॉल्ट नाहीतच, एकाच नावाची कमी-जास्त पॅरामीटरची दोन-तीन मेथड लिहितात.

हॅस्केलमध्ये पार्शलची वेगळी गरजच नाही. तिथलं प्रत्येक फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेतं आणि उरलेल्यासाठी नवं फंक्शन परत देतं. या पद्धतीला करीइंग म्हणतात. हॅस्केल करी या गणितज्ञाच्या नावावरून, आमच्या बांगड्याच्या कढीवरून नव्हे. खरं तर करीच्या आधी मोझेस शोनफिंकेलने १९२४ च्या निबंधात ही कल्पना मांडली होती, पण नाव राहिलं करीचं.

चालू फंक्शनला नवं पॅरामीटर जोडताना

मेच्या मध्यावर काकांनी जुन्या गिऱ्हाइकांना पेटीमागे सूट द्यायची ठरवली. 'बिल' तोपर्यंत तीन फाइलींमधून बोलावलं जात होतं, शिवाय बटणांचे पार्शल. अशा वेळी डिफॉल्ट फार उपयोगी:

```
डेफ बिल(पेट्या, दर, *, भाडं=१५०, हमाली=२०, सूट=०):
    रिटर्न पेट्या * (दर - सूट + भाडं + हमाली)
```

जुनी सगळी बोलावणी जशीच्या तशी चालतात, कारण सूट शून्य म्हणजे कालपर्यंत होतं तेच. नव्या पॅरामीटरचं डिफॉल्ट निवडताना हेच बघायचं, जुनं वागणं जराही हलता कामा नये. ते ताऱ्याच्या मागे ठेवलं की जागांचाही गोंधळ होत नाही.

मग मेअखेर आली. पावसाच्या तोंडावर उरलेला आंबा कॅनिंगला जातो, तो किलोवर. तिथे पेटी नाही, आणि गाडी कारखानदाराची. चुलतभाऊ म्हणाला, यातच एकक='पेटी' असं एक डिफॉल्ट टाक की, किलो दिलं तर किलोने मोजेल. मी अर्धं लिहिलंही. मग दिसलं की किलोच्या वाटेने गेलं की भाडं, हमाली आणि सूट तिन्ही पॅरामीटर नुसते बघत बसतात, आणि कुणी चुकून भाडं दिलं तर ते मुकाट्याने गिळलं जातं. ते खोडलं आणि खाली वेगळं लिहिलं:

```
डेफ कॅनिंग_बिल(किलो, दर):
    रिटर्न किलो * दर
```

याला एकही डिफॉल्ट नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीवर प्लास्टिक लागेपर्यंत तेच वापरलं.